गणिताचा वर्ग कोण ठरवतो?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी अमेरिकेतल्या शाळांमधील ‘लेव्हल’विषयी आहेत. एकाच इयत्तेतल्या मुलांना साधा वर्ग, ऑनर्स, ॲडव्हान्स्ड, गिफ्टेड अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर बसवण्याच्या या पद्धतीला तिकडे ट्रॅकिंग म्हणतात. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची) मुले खालच्या वर्गांत जास्त व वरच्या वर्गांत कमी का दिसतात, हा तिथला जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत एकवीस वर्षे मधल्या इयत्तांना गणित शिकवले, त्यामुळे या विषयाकडे मला त्रयस्थपणे पाहता येत नाही, हे आधीच सांगते. पाच पत्रांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा सहावीत शिकतो. पुढच्या वर्षी त्याला गणिताच्या साध्या वर्गात घातल्याचे पत्र शाळेकडून आले. ओळखीच्या मराठी कुटुंबांनी सांगितले की वेव्हर फॉर्मवर सही करून दिली की वरच्या वर्गात घेतात, सगळे तेच करतात. मी सही करणारच होते; पण माझ्या मुलाबरोबर रोज गृहपाठ करणारी त्याची वर्गमैत्रीण, जी कृष्णवर्णीय आहे आणि गणितात त्याच्यापेक्षा काकणभर सरसच आहे, तिलाही साधाच वर्ग मिळाला आहे. तिची आई दोन ठिकाणी नोकरी करते आणि असा काही फॉर्म असतो हे तिला ठाऊकच नव्हते. हे वर्ग ठरतात तरी कसे? आणि मी सही करणे योग्य होईल का?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : सही अवश्य करा, आणि त्याच संध्याकाळी त्या मुलीच्या आईला फोन करून फॉर्म कुठे मिळतो व कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा असतो हे सांगा, जमल्यास फॉर्म छापून घेऊन तिच्या घरीच जा. तुम्ही आपल्या मुलाची संधी सोडल्याने त्या मुलीला ती मिळणार नाही, पण तुमच्याजवळची माहिती तिच्या घरी पोचली तर मिळू शकेल.

वर्ग ठरवण्याची रीत प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात, थोडी निराळी असते. तरी साधारणपणे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास प्रत्येक शिक्षकापुढे मुलांच्या नावांची एक यादी येते. तीत राज्याच्या वार्षिक परीक्षेतले गुण, वर्षभराची श्रेणी आणि शिक्षकाची शिफारस असे रकाने असतात, आणि त्यांची बेरीज करून मूल कोणत्या वर्गात जाईल ते ठरते. पालकांना निर्णय मान्य नसेल तर वेव्हर असतो. वरवर पाहता यात कोणावर अन्याय होण्यासारखे काही दिसत नाही. परंतु तिथे गणित पायरीपायरीने घ्यावे लागते : अल्जिब्रा-वन, भूमिती, अल्जिब्रा-टू, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस. जे मूल आठवीत अल्जिब्रा-वन घेते ते बारावीत कॅल्क्युलसला पोचते. जे नववीत घेते ते उन्हाळ्यात जादा अभ्यासक्रम केल्याशिवाय किंवा एकाच वर्षात दोन विषय घेतल्याशिवाय पोचत नाही. म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे पडलेला एक आकडा थेट अभियांत्रिकीच्या प्रवेशअर्जापर्यंत त्याच्या सोबत जातो, आणि ही गोष्ट बहुतेक घरांत कोणी समजावून सांगितलेली नसते.

असा आकडा मी स्वतः चुकीचा दिलेला आहे. हैतीहून आलेल्या कुटुंबातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. चाचण्यांत तिला नव्वदच्या वर गुण पडत, पण गृहपाठाचे पान आठवड्यातून दोनदा तरी कोरे असे. मी शिफारशीच्या रकान्यात चारपैकी तीन लिहिले. चार लिहिले असते तर ती वरच्या वर्गात गेली असती. माझ्या त्या खोलीत आधीच्या तासाला आठवीचा अल्जिब्राचा वर्ग भरे आणि त्यांचे एखादे समीकरण फळ्याच्या कोपऱ्यात पुसायचे राहून जाई. मे महिन्यात एकदा तिची वही तपासताना मागची पाने उघडली गेली, तर फळ्यावर राहिलेली ती समीकरणे तिथे तारखा घालून उतरवून घेतलेली होती. पहिल्या पानावर तिने एकेक संख्या घालून पाहत उत्तर शोधले होते. चौथ्या पानापासून दोन्ही बाजूंतून तीच संख्या वजा करण्याची रीत तिची तिनेच शोधून काढली होती. गृहपाठ का राहतो, हे मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा विचारले. शाळा सुटली की ती धाकट्या भावाला आणायला जाई आणि आई रात्री दहाला घरी येईपर्यंत त्याचे जेवणखाण तिच्याकडे असे. मी ती वही घेऊन विभागप्रमुखांकडे गेले, पण तोवर याद्या संगणकात गेल्या होत्या आणि वरच्या वर्गात जागा उरली नव्हती. तिला अल्जिब्रा एक वर्ष उशिरा मिळाला. मी दिलेला तो ‘तीन’ तिच्या गणिताचा आकडा नव्हता, ही गोष्ट मला अजून सलते.

ही एका शिक्षिकेची चूक म्हणून सोडून देता येत नाही. जेसन ग्रिसम आणि ख्रिस्तोफर रेडिंग या संशोधकांनी २०१६ साली देशभरातील मुलांच्या आकडेवारीवरून दाखवून दिले की परीक्षेतले गुण सारखे असतानाही गिफ्टेड वर्गासाठी कृष्णवर्णीय मुलांची निवड कमी वेळा होते, आणि शिक्षक स्वतः कृष्णवर्णीय असेल तेव्हा ही तफावत बरीच कमी होते. फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीचा अनुभव तर याहून बोलका आहे. तिथे पूर्वी शिक्षकाने किंवा पालकाने नाव सुचवले तरच मुलाची चाचणी होत असे. २००५ पासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घेणे सुरू झाले. निवडीचा निकष तोच ठेवला होता, खाली आणला नव्हता. तरीही गिफ्टेड वर्गासाठी पात्र ठरणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक (म्हणजे मुख्यतः लॅटिनो) मुलांचे सुमारे १३० टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थतज्ज्ञांनी हा अभ्यास केला. कार्ड यांना पुढे २०२१ साली नोबेल मिळाले. ती मुले आधीही तितकीच हुशार होती, फक्त त्यांचे नाव कोणी घेत नव्हते. मंदीनंतर पैसा आटला, सरसकट चाचणी बंद पडली, आणि प्रमाण पुन्हा पूर्वीच्या ठिकाणी आले.

म्हणून फोन करून झाल्यावर आणखी एक काम करा. डिस्ट्रिक्टच्या शिक्षण मंडळाच्या सभेत पालकांना बोलण्यासाठी वेळ राखलेला असतो. तिथे उभे राहून विचारा की मागच्या वर्षी किती वेव्हर आले, ते कोणत्या शाळांतून आले, आणि फॉर्मची माहिती किती घरांपर्यंत कोणत्या भाषांतून पोचली. तुमच्याच राज्यातील साउथ ऑरेंज-मेपलवुड डिस्ट्रिक्टला २०१४ साली वरच्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलांना मिळणाऱ्या प्रवेशाबाबत केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाशी करार करावा लागला होता. त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, आणि तो सहजासहजी उडवून लावता येण्यासारखाही नाही.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक होतो. आम्ही तीस वर्षे गुणांनुसार अ, ब, क, ड अशा तुकड्या केल्या. ‘अ’ तुकडीचा निकाल उत्तम लागे आणि शिक्षकालाही एका पातळीच्या मुलांना शिकवणे सोपे जाई. मग अमेरिकेत याच पद्धतीला भेदभाव का म्हणतात, हे मला उमगत नाही.
— एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

उत्तर : सर, शिक्षकाला सोपे जाते हे आपले म्हणणे मी अनुभवाने मान्य करते. एकाच तासाला कोणाला अपूर्णांक समजवायचे आणि कोणाला समीकरण, ही ओढाताण मीही केली आहे. परंतु अमेरिकेत ही पद्धत कोणत्या काळात आणि कोणत्या शहरात पसरली ते पाहिले की तिच्याबद्दलचा तिथला राग समजतो.

१७ मे १९५४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. राज्यांसाठी ब्राउन खटल्याचा निकाल होता, तर राजधानी वॉशिंग्टनसाठी त्याच दिवशी बोलिंग विरुद्ध शार्प हा निकाल लागला. मुले एका छपराखाली आली, आणि दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, वॉशिंग्टनच्या हायस्कुलांत चार ट्रॅक सुरू झाले : ऑनर्स, कॉलेजची तयारी करून घेणारा रेग्युलर, जनरल आणि बेसिक. पुढे ही विभागणी प्राथमिक शाळांपर्यंत खाली आली. ज्युलियस हॉब्सन या नागरी हक्क कार्यकर्त्याने शाळांचे अधीक्षक कार्ल हॅन्सन यांच्याविरुद्ध खटला भरला, आणि १९ जून १९६७ रोजी न्यायाधीश जे. स्केली राइट यांनी ही ट्रॅक पद्धत बंद करण्याचा आदेश दिला. निकालात त्यांनी नोंदवलेली कारणे आजही वाचण्यासारखी आहेत. ज्या चाचण्यांवरून मुलांची बुद्धी मोजली जात होती त्या मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेल्या होत्या. खालच्या ट्रॅकमध्ये शिकवले जाणारेच कमी होते. आणि एकदा तिथे गेलेले मूल वर येण्याचे प्रसंग फार थोडे होते. म्हणजे मूल मागे आहे म्हणून त्याला खाली बसवले जाई आणि खाली बसवल्यामुळे ते आणखी मागे पडे.

खालच्या वर्गांत नेमके काय चालते, याकडे जीनी ओक्स या संशोधिकेने बारकाईने पाहिले. २५ शाळांतील वर्गांच्या निरीक्षणांवर आधारलेले त्यांचे लेखन १९८५ साली प्रसिद्ध झाले. वरच्या वर्गांत मुलांना निबंध लिहायला, युक्तिवाद करायला, स्वतः विचार करून गणित सोडवायला सांगितले जाते, तर खालच्या वर्गांत रिकाम्या जागा भरणे, उतरवून काढणे आणि शिस्त यांतच तास जातो, असे त्यांना आढळले. वरच्या वर्गाकडे मिनिटेसुद्धा जास्त येतात, कारण गप्प बसवण्यात तितका वेळ जात नाही.

आता आपल्याला एकच गोष्ट विचारते, आणि ती उणे काढण्यासाठी नाही. आपल्या शाळेत ‘ड’ तुकडीला गणित कोण शिकवत असे? मी ज्या शाळेत शिकले तिथे मी ‘अ’ तुकडीत होते. शाळेतले सर्वांत चांगले गणिताचे सर आम्हाला होते. ‘ड’ तुकडीत बहुतेक मुले स्टँडमागच्या वस्तीतली आणि ऊसतोडीसाठी आई-वडील गेल्यावर आजीकडे राहणारी होती. त्यांचा गणिताचा तास चित्रकलेच्या बाई घेत, कारण दुसरे कोणी मोकळे नसे. त्या बाई प्रेमळ होत्या, पण त्यांना गणित येत नव्हते. गुणांनुसार केलेल्या आमच्या त्या तुकड्यांत जातीची आणि वस्तीची विभागणी आपोआप उतरली होती, आणि त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. आपल्या देशातही या धोक्याची जाणीव कायद्यात उमटलेली आहे : शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांना वर्गात इतरांपासून वेगळे बसवू नये आणि त्यांचे वर्ग वेगळ्या जागी वा वेगळ्या वेळी भरवू नयेत, असे केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत स्पष्ट म्हटले आहे.

तरीही वेगळा वर्ग हाच मुळात दोष आहे, असे मी म्हणणार नाही. ब्रॉवर्ड काउंटीतच कार्ड आणि ज्युलियानो यांनी दुसराही एक अभ्यास केला. तिथे चौथी-पाचवीत एखाद्या शाळेत एकही गिफ्टेड मूल असले तरी वेगळा वर्ग काढावा लागे आणि उरलेल्या जागा मागच्या वर्षीच्या परीक्षेतल्या क्रमांकानुसार भरल्या जात. शिफारस नाही, अर्ज नाही, केवळ क्रमांक. अशा रीतीने आत आलेल्या कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांची वाचनात आणि गणितात मोठी प्रगती झाली, आणि बाहेर राहिलेल्या मुलांचे त्यामुळे नुकसान झाल्याचे दिसले नाही. ‘अ’ तुकडी असावी की नसावी यापेक्षा तिच्या दाराशी कोण उभे आहे, आणि ‘ड’ तुकडीला आपण कोणता शिक्षक देतो, या दोन गोष्टींवर मी जास्त जोर देईन.

प्रश्न : आम्ही बे एरियात राहतो. सॅन फ्रान्सिस्कोने समतेच्या नावाखाली आठवीचा अल्जिब्राच बंद केला होता. त्याने कोणाचे भले झाले? मागे राहिलेल्यांना पुढे आणायचे सोडून पुढे गेलेल्यांना मागे ओढायचे, याला समता म्हणायचे का? आमच्या मुलांनी मेहनत केली हा त्यांचा गुन्हा आहे का?
— एक सॉफ्टवेअर अभियंता, कॅलिफोर्निया

उत्तर : सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत तुमचे म्हणणे बव्हंशी खरे आहे. २०१४ साली तिथल्या डिस्ट्रिक्टने ठरवले की आठवीत कोणालाच अल्जिब्रा-वन देऊ नये, सगळ्यांनी तो नववीत एकत्र घ्यावा. हेतू चांगला होता : आठवीत घाईने अल्जिब्रा घेऊन नापास होणारी आणि तोच विषय पुन्हा करणारी मुले बरीच होती आणि त्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांचा भरणा होता. पण स्टॅनफर्डमधील थॉमस डी आणि एलिझाबेथ हफेकर यांच्या अभ्यासात दिसले की सुरुवातीला एपी गणित, म्हणजे हायस्कुलातच कॉलेजच्या पातळीचे गणित, घेणाऱ्या मुलांची संख्या घटली आणि वरच्या गणितातली वांशिक तफावत जवळपास होती तिथेच राहिली. ज्यांना परवडत होते त्यांनी बाहेर पैसे भरून अभ्यासक्रम केले. ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी आधी निदान शाळेतली वाट होती, तीही गेली. मार्च २०२४ मध्ये शहरातल्या ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी आठवीचा अल्जिब्रा परत आणावा असा कौल दिला. हा कौल देणाऱ्यांत प्रत्येक वर्णाचे आई-वडील होते, हे आवर्जून सांगते.

परंतु एका शहराची चूक म्हणजे समतेच्या प्रयत्नाचा पराभव नव्हे. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर रॉकव्हिल सेंटर नावाचे डिस्ट्रिक्ट आहे. त्यांनी १९९०च्या दशकात नेमके उलटे केले : वरच्या वर्गाचे गणित काढून टाकण्याऐवजी ते सगळ्यांना दिले, म्हणजे आठवीपर्यंत प्रत्येक मुलाने अल्जिब्रा पुरा करायचा, आणि ज्यांना जड जाईल त्यांच्यासाठी एक दिवसाआड जादा तास ठेवला. पुढे नववी-दहावीतल्या पातळ्याही टप्प्याटप्प्याने मोडल्या. न्यूयॉर्क राज्यात त्या काळी रीजेंट्स डिप्लोमा हा वरच्या दर्जाचा दाखला मानला जाई. २००० साली बाहेर पडलेल्या तिथल्या कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक विद्यार्थ्यांपैकी ३२ टक्क्यांना तो मिळाला होता. २००३ साली हे प्रमाण ८२ टक्के झाले. त्याच काळात गोऱ्या व आशियाई मुलांचे प्रमाण ८८ वरून ९७ टक्क्यांवर गेले, म्हणजे मागे कोणीच ओढले गेले नाही. हे डिस्ट्रिक्ट लहान आणि सुस्थितीतले होते आणि तिथे जादा तासांसाठी पैसा होता, हेही सांगायला हवे. पण मला त्यातून हेच दिसते की जादा तासांचा खर्च करायची तयारी असेल तरच पातळ्या मोडाव्यात. नुसत्या कागदावर मोडल्या तर सॅन फ्रान्सिस्को होते.

ज्यांना इतके करणे जमत नाही त्यांनी निदान दार तरी आपोआप उघडावे. नॉर्थ कॅरोलायनात २०१७ साली वृत्तपत्रांनी शोधून काढले की परीक्षेत वरचे गुण मिळवलेली गरीब घरांतली असंख्य मुले वरच्या गणितात घेतलीच जात नाहीत. २०१८ साली तिथे कायदा झाला : राज्याच्या परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्या मुलाला वरच्या गणितात घालायचेच, आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढायचे नाही. टेक्सासने २०२३ साली असाच कायदा केला. पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत येणारे मूल सहावीत आपोआप वरच्या वर्गात जाते, आणि नको असेल तर पालकांनी तसे कळवायचे. फॉर्म आता मुलाला वर नेण्यासाठी लागत नाही, खाली ठेवण्यासाठी लागतो. एका फॉर्मची दिशा उलटवल्याने किती मुलांचे आयुष्य बदलते, हे वर्गात उभे राहिलेल्या शिक्षकाला विचारा.

तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. तुमच्या मुलांची मेहनत खरी आहे आणि तिचा कोणीही अपमान करू नये. पण त्या मेहनतीच्या पाठीशी काय काय उभे आहे, तेही आठवा. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, आणि पुढे एच-वन-बी व्हिसावर, आपल्यापैकी जे तिकडे गेले ते बहुतांशी पदवीधर आणि इंग्रजी जाणणारे होते. गणिताची शिकवणी कुठे चांगली, वेव्हर कधी द्यायचा, कोणत्या शिक्षकाला ईमेल करायचा, ही माहिती आपल्या व्हॉट्सॲप गटांत दर हंगामात फिरते. ज्या आजोबांना कायद्याने वेगळ्या शाळेत बसावे लागले त्यांच्या नातवंडांच्या घरी हा गट नसतो. तुमच्या मुलांचा यात काहीही गुन्हा नाही. पण ही माहिती असणे म्हणजे बुद्धी असणे नव्हे, आणि याद्या करणाऱ्या आम्हा शिक्षकांची या दोन्हींत फार वेळा गल्लत झाली आहे.

प्रश्न : मुलीचे नाव शाळेत घालताना घरात कोणती भाषा बोलता असे विचारणारा कागद भरायचा आहे. सगळे म्हणतात इंग्रजी लिहा, मराठी लिहिले तर तिला खालच्या वर्गात टाकतील. काय लिहावे?
— एक आई, टेक्सास

उत्तर : मराठी लिहा. त्या कागदावरून वर्ग ठरत नाही. त्यावरून एवढेच ठरते की मुलीची इंग्रजीची चाचणी घ्यायची की नाही. तिला इंग्रजी पुरेसे येत असेल तर विषय तिथेच संपतो. मदतीची गरज निघाली तर शाळेने तुम्हाला तसे लेखी कळवले पाहिजे, आणि ती मदत नाकारण्याचा अधिकार तुम्हाला आहे, पण खरोखर गरज असेल तर नाकारू नका.

तुमच्या मनातली भीती मात्र निराधार नाही, तिला इतिहास आहे. १९७० साली कॅलिफोर्नियात डायना नावाने ओळखला जाणारा खटला झाला. स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांची बुद्धिचाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंद मुलांच्या वर्गात बसवले होते. त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतल्यावर त्यांतली बहुतेक मुले त्या वर्गाची नव्हतीच असे दिसले. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी मुलांच्या लाउ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मुलांना न समजणाऱ्या भाषेत सारखी पुस्तके आणि सारखे शिक्षक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. म्हणून इंग्रजी सुधारेपर्यंत वरचे गणित देता येणार नाही, असे उद्या कोणी म्हणालेच तर तो नियम लेखी मागा. बेरीज-वजाबाकीला मराठी चालते, आणि सात वर्षांच्या मुलीने ‘आपल्या घरची भाषा लपवायची असते’ हे शाळेच्या पहिल्याच कागदावरून शिकू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. मला मराठी बोलता येते पण लिहिता येत नाही, म्हणून हे आजीने लिहून दिले आहे. आमच्या शाळेत जवळजवळ एकतृतीयांश मुले कृष्णवर्णीय आहेत, पण माझ्या एपी केमिस्ट्रीच्या वर्गात त्यांच्यापैकी एकच मुलगा आहे. माझी मैत्रीण खूप हुशार आहे, पण ती म्हणते की तो वर्ग आमच्यासारख्यांसाठी नसतो. मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, मेरीलँड

उत्तर : तू हे मोजलेस आणि आजीला सांगितलेस, याचे मला फार कौतुक वाटते. ‘तुला जमेल गं’ एवढे म्हणून थांबू नकोस, कारण तिला जमणार नाही असे तिला वाटतच नसेल. त्या वर्गात आपण एकटे पडू, ही तिची भीती असू शकते आणि ती रास्त आहे. म्हणून तिच्याबरोबर काउन्सेलरकडे जा. तिने पीएसएटी (कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेची पूर्वचाचणी) दिली असेल तर त्या गुणांवरून कोणता विद्यार्थी कोणत्या एपी विषयात यशस्वी होण्याची शक्यता आहे, याची यादी शाळेला कॉलेज बोर्डाच्या, म्हणजे या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, ‘एपी पोटेन्शियल’ या साधनातून काढता येते. आपले नाव तीत आहे का, असे तिने स्वतः विचारावे. परीक्षेचे शुल्क जड वाटत असेल तर कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी त्यात सवलत असते, तेही तिथेच विचारा.

आणि अभ्यास एकत्र करा. १९७०च्या दशकात बर्कलेच्या विद्यापीठात युरी ट्रीसमन नावाचे एक तरुण गणितज्ञ, कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे का पडतात, याचा शोध घेत होते. घरची परिस्थिती, तयारी, जिद्द अशी जी कारणे प्राध्यापक मंडळी सांगत होती, त्यांतले एकही तपासून पाहिल्यावर टिकले नाही. त्यांच्या लक्षात आले ते असे की चिनी मुले वर्ग सुटल्यावर एकत्र बसून एकमेकांची गणिते तपासत, आणि कृष्णवर्णीय मुले मात्र बहुतेक एकेकटी अभ्यास करत. मग त्यांनी अवघड गणिते घेऊन सर्वांनी एकत्र बसण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या, आणि त्या मुलांचे निकाल पालटले. तुम्हा दोघींना विद्यापीठाची गरज नाही, एक टेबल आणि दोन खुर्च्या पुरतील. वर्गातल्या त्या एकट्या मुलालाही बोलवा, म्हणजे तिसरी खुर्ची लागेल. पुढच्या वर्षीचे विषय निवडण्याचा फॉर्म बहुतेक शाळांत हिवाळ्यातच भरून घेतात, तेव्हा शेवटची तारीख उद्याच विचारून घे. आजीचे अक्षर फार सुरेख आहे, त्यांना माझा नमस्कार सांग.